पोकळी

उद्यमनगरात तेवीस वर्षं मी वाळू चाळली,
साचे ठोकले, लाल रस ओतला.
लोखंड निवलं की हातोडीनं ठोकून ऐकायचं :
घण्ण वाजलं तर भरीव,
ठस्स वाजलं तर आत हवा अडकलीय.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

त्या दिवशी चाक ठस्स वाजलं.
चरकाचं दातेरी चाक, वडणग्याची ऑर्डर,
हंगाम तोंडावर, मालक दारात उभा.
मी पुट्टीत लोखंडाचा भुगा कालवला,
छिद्र बुजवलं, वरनं ग्रेफाइटचा हात मारला.
चाक इतकं देखणं दिसलं
की क्षणभर मीच फसलो.

माघात बातमी आली, चहाच्या गाड्यावर,
भज्यांच्या कागदासारखी तेलकट :
दात तुटला, चरकानं हिसका दिला,
रंगराव चेचरची तीन बोटं
उसाबरोबर गेली.

मग रविवार आले. किती आले!
देवळात गुडघे टेकून सगळ्यांबरोबर मीही म्हणायचो,
आम्ही पाप केले आहे.
आम्ही.
त्या 'आम्ही'त काय ऐसपैस जागा!
तीन बोटं सहज मावली.

बुधवारच्या अभ्यासात एकदा वाद रंगला,
पश्चात्ताप आधी की विश्वास आधी.
सुकुमारबाई आवळे म्हणाल्या,
घर झाडल्याशिवाय पाहुण्याला बोलावतं का कुणी?
कोपऱ्यातनं म्हातारा इलीशा म्हणाला,
बाई, पाहुणा येणार हे कळल्यावरच आमच्यात घर झाडतात.
सगळे हसले. मी चटईची काडी उसवत बसलो.

पश्चात्तापात ताप आहे, विश्वासात श्वास.
माझा आजा भाता ओढायचा.
त्याला कुणी विचारलं असतं, आधी जाळ की आधी वारा,
तर म्हणाला असता, बाजूला सर, काम करू दे.
माझ्यात ताप होता. वर्षभर होता.
वारा नव्हता.
वितळत काहीच नव्हतं, नुसतं करपत होतं.

एका प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा तळहातावर पडला
आणि मला माझी पाच बोटं दिसली.
मग त्याचा हात आठवला, खिळ्याचा.
कबरेतनं उठल्यावरही त्यानं ते छिद्र
बुजवून घेतलं नव्हतं.
थोमाला म्हणाला, घाल बोट.
मला एवढंच वाटलं, याला आपलं दाखवता येईल.
एवढ्याला विश्वास म्हणत असतील
तर तो तेव्हा होता.

मालकाला सांगितलं. त्यानं संध्याकाळी हिशेब चुकता केला.
वडणग्याला सायकलनं निघालो,
शिवाजी पुलावरनं दोनदा माघारी फिरलो.
खाली पंचगंगा, तिला काय,
ती कुणालाच विचारत नाही कुठं निघालास.

रंगराव गोठ्यात होता. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.
ऐकून घेतलं, वैरण टाकली, मग म्हणाला,
तुझ्या देवानं माफ केलं म्हणतोस,
मग माझ्याकडं कशाला आलास?
म्हटलं, त्यानंच धाडलं.
बराच वेळ म्हैस तेवढी रवंथ करत होती.
माफ केलं, असं तो म्हणाला नाही.
अजून म्हणालेला नाही.
म्हणाला, सोमवारपासनं गुऱ्हाळ सुरू हाय,
चुलवाणाला गडी मिळंना झालाय.

आता पहाटे चारला मी चिपाडं सारतो.
तोंड भाजतं, पाठ गारठते.
वर काहिलीत रस उकळतो, मळी वर येते,
रंगराव ती झाऱ्यानं काढून टाकतो,
पुन्हा येते, पुन्हा काढतो.
बोलत नाही फारसं.

शनिवारी मजुरी देताना
उरलेल्या दोन बोटांनी तो नोटा मोजतो.
वेळ लागतो.
मी मान खाली घालतो.
मग वर करतो.